सातवी नळी

हॉस्पिटलने बाबांच्या कपड्यांबरोबर त्यांची चष्म्याची डबी दिली. चष्मा त्यात नव्हता, तो खाली पडून फुटला होता. डबीत कापूस होता आणि कापसात काचेची एक बंद नळी, माझ्या करंगळीएवढी. नळीत तांबूस सोनेरी रंगाचा एक पातळ पापुद्रा होता, नखाएवढा. उजेडात धरला की त्यावर हिरवट झाक यायची, कबुतराच्या मानेवर असते तशी.

बाबा एका संशोधन संस्थेत काच फुंकायचे. शास्त्रज्ञ कागदावर आकृती काढून आणत आणि बाबा ती ज्योतीवर काचेत उतरवून देत. अडतीस वर्षं हेच केलं. संस्थेत सगळे त्यांना काचकाका म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते. एका शनिवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेसातला ते घरातून निघाले, बसस्टॉपच्या बाकावर बसले आणि बस आली तेव्हा उठले नाहीत. जवळ कोणी नव्हतं. मी दुसऱ्या गावी होते. आई स्वयंपाकघरात होती आणि ते कुठे निघालेत हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"सुट्टीच्या दिवशी कुठे निघाले होते?" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे विचारायची.

नळीत काय आहे ते मला माहीत होतं. बाबांच्या विभागातल्या शास्त्रज्ञ डॉक्टरबाई तीन वर्षं त्याच एका पदार्थाच्या मागे होत्या, त्यामुळे बाबाही होते, आणि जेवताना ऐकून ऐकून आम्हीही. सिल्व्हर सबफ्लोराइड त्याचं नाव. नेहमीच्या सिल्व्हर फ्लोराइडमध्ये चांदीचा एक अणू आणि फ्लोरीनचा एक अशी जोडी असते. ते सरळ मीठ, पाण्यात विरघळणारं. ह्यात मात्र फ्लोरीनच्या एका अणूला चांदीचे दोन. चांदीचे दोन थर, मग फ्लोरीनचा एक, पुन्हा चांदीचे दोन. त्यामुळे हा पदार्थ धड मीठ नाही, धड धातू नाही. धातूसारखा चमकतो, धातूसारखी वीज वाहू देतो, पण पाणी लागलं की संपला. अर्धी चांदी फ्लोरीनला घेऊन पाण्यात निघून जाते, उरलेली अर्धी करडी भुकटी होऊन तिथेच बसते.

"एक जाते, एक राहते," बाबा ताटात बोटाने थर काढून दाखवायचे.

"मग त्यात नवीन काय," आई म्हणायची. "आपल्या घरात तीस वर्षं तेच चाललंय."

त्या पदार्थाबद्दल ते नेहमी म्हणत की हे पोर पाण्याला पाण्यात पाहतं. म्हणून डॉक्टरबाईंच्या नळ्या बंद करताना ते कोरड्या नायट्रोजनचा पाइप जोडत. एरवी काच आकसली तर काच फुंकणारा रबरी नळीचं टोक तोंडात धरून हलकी फुंकर घालतो आणि काच पुन्हा गोल होते. हात जसे डोक्याला न विचारता काम करतात तसंच ते तोंड. डॉक्टरबाईंच्या कामात ती फुंकर चालत नव्हती, कारण माणसाच्या श्वासात पाणी असतं. बाबांनी त्यावर स्वतःच एक उपाय काढला होता. ते दातांत एक पेन्सिल आडवी धरत. तोंडात पेन्सिल असली की चुकूनही फुंकर जात नाही. लहानपणी मी त्यांच्या टेबलाशेजारी चिमटा घेऊन बसायचे, म्हणून माझं नाव चिमटा पडलं होतं. मोठेपणी गेले तेव्हा त्यांना पेन्सिल दातांत धरून काम करताना पाहिलं होतं आणि खूप हसले होते. ते हसू शकले नाहीत, पेन्सिलीमुळे.

आठवडाभराने मी नळी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. का, ते सांगता येणार नाही. कपाटात ठेववेना.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "इकडे ये. ह्याच्यात काहीतरी होतंय."

सव्वादहा वाजले होते. ऊन नुकतंच खिडकीच्या चौकटीवर आलं होतं. नळीच्या एका टोकाला, आतल्या बाजूने, धुकं धरलं होतं. पूर्ण नळीभर नाही, एक लांबट ठिपका, थंडीत कोणी तावदानाजवळ तोंड नेलं की उमटतो तसा. आम्ही बघत असताना तो लहान झाला आणि नाहीसा झाला. मग पुन्हा आला.

मी नळी उचलून टोक निरखलं. डॉक्टरबाईंच्या नळ्यांची टोकं बाबा सुईसारखी ओढून बंद करत. हे टोक गोल होतं, मसुरीच्या दाण्याएवढा फुगा आलेलं. तसा फुगा तोंडाने फुंकल्याशिवाय येत नाही.

कोरड्या नळीत धुकं धरत नाही. आत बाबांचा श्वास होता.

मी आईला सांगितलं. तिने कणीक मळायला घेतली.

त्या दिवसापासून आमचं वेळापत्रक बदललं. दहा वाजले की आई हातातलं काम ठेवायची आणि स्टूल ओढून खिडकीशी बसायची. मीही बसायचे. मी मुद्रितं तपासण्याचं काम करते, ते कुठेही बसून होतं, पण त्या अर्ध्या तासात एक ओळही वाचून व्हायची नाही. सव्वादहाला धुकं यायचं, वाढायचं, विरायचं, पुन्हा यायचं. तीनदा, कधी चारदा.

"आयुष्यभर घरी वेळेवर आले नाहीत," आई म्हणाली. "आता रोज सव्वादहाला हजर."

धुक्याचं कारण मला समजत होतं. उन्हाने नळीची एक बाजू तापते, आतलं पाणी सुटतं, गार बाजूला जाऊन बसतं. मी हे स्वतःला नीट समजावलं होतं. पण आठव्या दिवशी आभाळ भरून आलं, खिडकीत ऊन आलंच नाही, आणि सव्वादहाला धुकं आलं. त्या दिवसापासून मी घड्याळ लावून बसू लागले. एक ठिपका विरल्यापासून दुसरा येईपर्यंत आधी चाळीस सेकंद जायचे. मग पन्नास. मग सव्वा मिनिट. हे अंतर वाढत होतं. जाणाऱ्या माणसाच्या श्वासांत असं अंतर वाढतं हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं, पाहिलं नव्हतं, कारण त्या सकाळी मी तिथे नव्हते.

मला ते हवं होतं. जे चुकलं होतं ते हप्त्याहप्त्याने मिळत होतं.

डॉक्टरबाईंचा फोन त्याच आठवड्यात आला.

"चिमटा ना तू? अगं, काकांच्या नोंदवहीत सात नळ्या लिहिल्यात. माझ्या हातात सहा आल्या. घरी कुठे दिसली का एखादी?"

"नाही," मी म्हणाले.

"जरा नीट बघशील? मोठा पापुद्रा तिच्यातच होता. बाकीच्या सहांत नुसता कोंडा आहे. हा एक पापुद्रा वाढवायला चौदा महिने लागले मला. इतका बारीक विजेचा प्रवाह द्यायचा की मुंगीलाही कळू नये, आणि वाट बघायची. आता पुन्हा चौदा महिने मला कोण देतंय."

"बघते."

फोन ठेवून मी खिडकीशी गेले. पापुद्र्याचा एक कोपरा करडा झाला होता. त्याखाली नळीच्या तळाला राखेसारखी चिमूटभर पूड पडली होती. गंमत म्हणजे कोपऱ्याचा आकार तसाच होता, धारदार. आतलं सगळं बदललं होतं आणि बाहेरून तो स्वतःसारखाच दिसत होता. तसं मी पंधरा दिवसांपूर्वी एका पांढऱ्या चादरीखाली पाहिलं होतं.

म्हणजे आम्ही बसून जे बघत होतो ते हे होतं. बाबांचा श्वास बाईंचे चौदा महिने खात होता. हे मला कळलं आणि तरीही मी नळी बाईंना दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाराव्या दिवशी त्या स्वतः आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, खांद्याला पिशवी. आईने दार उघडलं आणि आत येऊन मला हळूच सांगितलं, "चांदीवाली आलीये." मी नळी मिठाच्या बरणीमागे सरकवली.

चहा झाला. बाई बाबांबद्दल चांगलं बोलल्या, नेमकं बोलल्या. कोणता सांधा कसा जोडून दिला होता, कोणत्या साहेबाला आकृती चुकलीय असं तोंडावर सांगितलं होतं. नळीचं नाव काढलं नाही. मग आई बोलता बोलता थांबली. वाक्य अर्धंच राहिलं आणि तिचे डोळे खिडकीकडे गेले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजले होते.

बाईंनी तिच्या नजरेमागे पाहिलं. त्या उठल्या, बरणी बाजूला केली आणि नळी उचलली. धुकं आलं होतं. त्यांनी ते विरेपर्यंत पाहिलं.

"टोक गोल आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"काकांनी फुंकली."

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"धुकं दिसलं त्या दिवसापासून."

मला वाटलं त्या रागावतील. त्या आईच्या स्टुलावर बसल्या.

"शुक्रवारी पेन्सिल टेबलावर पडलेली होती," त्या म्हणाल्या. "मी पाहिली. त्यांना धाप लागत होती, दोन महिने लागत होती. नाकाने पुरत नव्हतं, म्हणून काढून ठेवली असणार. मी म्हटलं, काका, राहू द्या, सोमवारी करू. म्हणाले, एकच तर राहिलीये. सहा नळ्या माझ्या हातात दिल्या. सातवीला म्हणाले, अजून गरम आहे, तुम्ही व्हा पुढे."

"धाप लागत होती?" आई म्हणाली.

"घरी सांगितलं नव्हतं?"

"ह्या घरात काही सांगायची पद्धत नाही."

मग बाई म्हणाल्या, "नळी गरम नव्हती. त्यांना कळलं होतं काय झालं ते. शनिवारी संस्था बंद. वर्कशॉपची किल्ली त्यांच्याकडे. बघायला कोणी नाही. नळी फोडायची, पापुद्रा नव्या नळीत घालायचा, कोरडी बंद करायची आणि सोमवारी माझ्या हातात ठेवायची."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तीन आठवडे ती ज्याला त्याला विचारत होती ते उत्तर असं चहाच्या कपाशेजारी येऊन पडलं.

"म्हणजे चूक लपवायला निघाले होते," ती म्हणाली.

"सुधारायला, वहिनी."

"त्यांच्यात दोन्ही एकच. आमचा कपाटाचा आरसा फोडला होता एकदा. गुपचूप त्याच मापाचा दुसरा आणून बसवला. मला वीस वर्षांनी कळलं. तोवर मी समजत होते की मीच जाड झाले." ती हसली, मग पदराने तोंड पुसलं आणि पदर तसाच तोंडाशी धरून ठेवला.

मी बाईंना विचारलं, "आता फोडली तर?"

"माझ्याकडे ग्लोव्हबॉक्स आहे. काचेची मोठी पेटी, आत नुसता कोरडा वायू, बाहेरून हातमोज्यांत हात घालून काम करायचं. त्यात फोडली तर आतून काही शिल्लक मिळेल. हे थराथराने सुटतं, अभ्रकासारखं."

"आणि आतली हवा?"

"पेटीच्या हवेत मिसळेल. मग गाळणी ओढून घेईल."

"नाही फोडली तर?"

त्यांनी नळी पुन्हा उजेडात धरली. "आठ-दहा दिवस. मग सगळं करडं. पाणी त्यातून सुटलेल्या मिठातच शोषलं जाईल, धुकं यायचंही थांबेल. तुझ्या हाती काचेत भरलेली राख राहील."

म्हणजे श्वास दोन्हीकडून जाणारच होता. प्रश्न फक्त आठ-दहा दिवसांचा होता, आणि मला ते आठ-दहा दिवस हवे होते. मी आईकडे पाहिलं.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मला सवय लागलीये. सवय लागलेल्या माणसाला असलं विचारू नये."

बाईंनी नळी चौकटीवर ठेवली, माझ्या बाजूला. त्या ती पिशवीत घालू शकल्या असत्या. त्यांचीच होती. तेवढ्यात तिच्यात दुसऱ्यांदा धुकं धरलं. मी घड्याळ बघितलं नाही. मी बसस्टॉपच्या बाकाचा विचार करत होते. खिशात ही डबी, एक हात तिच्यावर, आणि मनात एवढंच की सोमवारच्या आत हे निस्तरायचं. त्यांनी हा श्वास आमच्यासाठी ठेवला नव्हता. तो बाहेर काढायलाच ते निघाले होते.

"मी फोडीन," मी म्हणाले. "मला येतं."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

आम्ही तशाच निघालो. आई आली नाही.

बाईंची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, सिंक, बाटल्या, एका कोपऱ्यात पंपाची संथ घरघर. मधे ती पेटी, पुढून आणि मागून हातमोज्यांची एकेक जोडी असलेली. तिच्या पुढच्या काचेतून दोन काळे रबरी हात खांद्यापर्यंत बाहेर आलेले होते, सरळ, आमच्या दिशेने, बोटं पसरून. मी दारातच थांबले.

"आत दाब जरा जास्त ठेवावा लागतो," बाई म्हणाल्या. "म्हणून रिकामे हातमोजे असे बाहेर उभे राहतात. पहिल्यांदा सगळेच दचकतात."

त्यांनी नळी बाजूच्या लहान कप्प्यातून आत घेतली. पेटीवर एक आकडा होता, आतलं पाणी मोजणारा. शून्य पूर्णांक चार.

"दहा लाख भागांत अर्धा भागही नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा श्वासाने शेवटचा आकडा हलेल. तोही हलला तर."

मी हात घातले. रबराने मनगटं घट्ट धरली, मग दंड. आत माझेच हात परक्याचे दिसत होते, जाड आणि काळे. मी कानस घेऊन गोल टोकाच्या खाली एक रेघ ओढली, नळी दोन्ही अंगठ्यांत धरली आणि बाबा करत तसं ओढत वाकवली. तुटताना बोटांना एक टिचकी लागली. आवाज आला नाही.

आकडा शून्य पूर्णांक चारच होता. मग शून्य पूर्णांक पाच झाला.

"झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी पलीकडच्या हातमोज्यांत हात घालून पापुद्रा चिमट्याने बशीत घेतला आणि पात्याने कड उचलली. वरचा करडा थर पुडीसारखा सुटला. खालचाही. मधे राहिला तो कागदाहून पातळ, पण अखंड, आणि त्याच्यावर हिरवी झाक होती. "पुरेल," त्या म्हणाल्या. "अगं, पुरेल."

आकडा एक झाला होता.

बाईंनी आधी पाहिलं नाही. मी पाहत होते. दोन. साडेतीन. सहा. त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांचे हात थांबले.

"हातमोज्याला भोक असणार," त्या म्हणाल्या. त्यांनी पापुद्रा घाईने झाकणाच्या बाटलीत घातला, हात काढले आणि चारही हातमोज्यांचे सांधे एकेक करून चाचपले. भोक नव्हतं. नऊवर जाऊन आकडा थांबला आणि उतरू लागला. एकापर्यंत आला. मग पुन्हा चढला.

"असं होत नाही," त्या म्हणाल्या. तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या.

हातमोज्यांतला दाब माझ्या मनगटांभोवती वाढत होता आणि सैल पडत होता. मी घड्याळ पाहिलं. चढून उतरायला सव्वा मिनिट. मग दीड. मग दोनला आलं.

"गाळणी जोरात चालू केली पाहिजे," बाई म्हणाल्या. "बाटलीच्या झाकणावर माझा भरवसा नाही. हिरवं बटण, तुझ्या कोपराशी आहे." त्यांना ते स्वतः दाबता आलं असतं. त्या उभ्या राहिल्या.

मी आणखी एक चढउतार जाऊ दिला. तो लांबलचक होता, आणि खाली आल्यावर बराच वेळ काहीच झालं नाही. मी तिथे होते. मग मी डावा हात काढून बटण दाबलं.

पंप मोठ्याने घरघरला. एक, शून्य पूर्णांक आठ, सहा. शून्य पूर्णांक पाचवर आकडा टेकला. आम्ही थांबलो. पाचच राहिला.

"आधी चार होता," मी म्हणाले.

"एवढं प्रत्येक पेटीत असतं," बाई म्हणाल्या. त्यांनी बाबांची नोंदवही उघडली, सातव्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांच्या अक्षरात आकडा होता आणि पुढचा रकाना कोरा. "काय लिहू?"

"तोंडाने फुंकली, असं लिहा. शनिवारी दुरुस्तीला निघाले होते, असंही लिहा."

त्यांनी लिहिलं. मी दुसरा हात काढला. हातमोजे माझ्या मागोमाग बाहेर आले आणि पुन्हा तसेच उभे राहिले. डाव्याची बोटं उलगडली. उजव्याची मात्र मिटलेलीच होती, आत हात असावा तशी. बाईंनी ते पाहिलं, मी पाहिलं. कोणीच पंपाला हात लावला नाही. हळूहळू, एकेक करून, तीही उघडली.